लग्न मोडल्याचा दाखला

पहिली बायको हयात असताना हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करता येणार नाही, असा कायदा मुंबई प्रांताने १९४६ मध्ये केला. त्या वेळी अकोट मुंबई प्रांतात नव्हते, वऱ्हाडात होते. वऱ्हाडावर निजामाचे नाममात्र स्वामित्व होते, कारभार मध्यप्रांत आणि वऱ्हाड सरकारकडे होता आणि तिथे असा कायदा झालेला नव्हता. म्हणजे मुंबई प्रांतातल्या भुसावळकडच्या पुरुषाला जे लग्न घरी करता येत नव्हते, ते एदलाबाद ओलांडून मलकापूरला किंवा पुढे अकोटला करता येण्यासारखे होते. ही वाट कायदा करणाऱ्यांच्याही डोळ्यांसमोर असावी. प्रांताबाहेर जाऊन केलेले दुसरे लग्नही, वर किंवा वधू मुंबई प्रांताचे अधिवासी असतील तर रद्द समजावे, असे त्यांनी कायद्यात लिहून ठेवले. पुढे मुंबई उच्च न्यायालयानेच सांगितले की भारतात अधिवास एकच असतो, प्रांताचा वेगळा अधिवास नसतो. त्यामुळे ही तरतूद टिकली नाही. आज अकोट तालुक्यातला तरुण अमेरिकेत किंवा कॅनडात जातो, तिथे दुसरे लग्न करतो आणि व्हिसाच्या अर्जात अडकतो, तेव्हा लोकांना हा प्रश्न नवा वाटतो. मला तो जुना वाटतो. दुसरे लग्न हे त्याचे अर्धेच अंग आहे. पहिले लग्न मोडले याची साक्ष कोणी द्यायची, हे खरे दुखणे आहे. वऱ्हाडात त्या साक्षीची एक व्यवस्था होती. राज्यकर्त्यांनी ती मोडली आणि तिच्या जागी गरिबाच्या आवाक्यातली दुसरी उभी केली नाही.

ती व्यवस्था काय होती, ते नीट पाहिले पाहिजे. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जाती सोडल्या, तर वऱ्हाडातल्या कुणबी, माळी, तेली, महार अशा बहुतेक समाजांत पाट, म्हणजे बाईचा पुनर्विवाह, लागत असे. विधवेचा लागे, तसाच नवऱ्याने सोडलेल्या बाईचाही लागे. पहिल्या लग्नाचा मांडव, वाजंत्री, गावजेवण यांतले पाटाला काही नसे. तो रात्री लागे, मोजक्या माणसांत लागे, आणि बिनलग्नाच्या पुरुषाला पाट लावायचा असेल तर आधी त्याचे रुईच्या झाडाशी लग्न लावीत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर जे चार खंड प्रसिद्ध केले, त्यांत या चालीरीती आल्या आहेत. पाटाआधी पहिल्या नवऱ्याशी काडीमोड झालेला असावा लागे. तो पंचांसमोर होई, देणेघेणे तिथेच मिटे, पुष्कळदा सोडचिठ्ठी लिहिली जाई. दख्खनच्या जातींचे रीतिरिवाज आर्थर स्टीलने १८२७ मध्ये मुंबई सरकारसाठी संकलित केले, तेव्हा पाट आणि सोडचिठ्ठी या दोन्हींची नोंद त्याला घ्यावी लागली. मराठेशाहीत तर पाटावर पाटदाम नावाचा करच होता. पाटील-कुलकर्ण्यांच्या वहिवाटीत तो वसूल होई, म्हणजे बाईचे पहिले लग्न संपले आणि दुसरे लागले, हे गावाला जसे माहीत असे तसे सरकारच्या हिशेबालाही माहीत असे. गुपचूप दुसरे लग्न करणे या व्यवस्थेत सोपे नव्हते, कारण ज्यांनी पहिले मोडले तेच लोक दुसऱ्याला हजर असत.

इंग्रजी अंमलात ही साक्ष बाद झाली. भारतीय दंडसंहिता १८६२ पासून अमलात आली. तिच्या ४९४ व्या कलमाने पती किंवा पत्नी हयात असताना केलेले, आणि त्या कारणाने रद्द ठरणारे, लग्न हा सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला. हिंदू पुरुषाला त्या वेळी कितीही बायका करता येत. त्याचे दुसरे लग्न रद्द होत नसे, म्हणून गुन्हाही होत नसे. रद्द होई ते बाईचे. स्त्री-पुरुष दोघांसाठी एकाच शब्दांत लिहिलेले हे कलम हिंदूंपुरते जवळजवळ शंभर वर्षे बाईवर आणि तिचा पाट लावणाऱ्यांवर रोखलेले राहिले. मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ मध्ये आणि पुन्हा १८७६ च्या शंभू रघू खटल्यात सांगितले की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. जातीने परवानगी दिली म्हणून लग्न कायदेशीर आहे, असे प्रामाणिकपणे वाटत होते, हा बचावही चालला नाही. मुंबईचे निकाल वऱ्हाडावर बंधनकारक नव्हते, पण दंडसंहिता तीच होती आणि न्यायाधीशांची शिकवणही तीच होती. पंचांचा अधिकार गेला, तरी त्यांच्या जागी दुसरे कोणी आले नाही. शास्त्रोक्त हिंदू विवाहाला घटस्फोट ठाऊक नाही, असे तीच न्यायालये मानीत होती. त्यामुळे नांदणे अशक्य झालेल्या बाईने दाद मागायला जायचे कुठे, याला उत्तर नव्हते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. जातपंचायत म्हणजे काही न्यायाचे माहेर नव्हते. पंच दंड उकळीत, गरिबाला वाळीत टाकीत, बाईचे म्हणणे तिच्या बापाने किंवा भावाने मांडायचे असे. पाटाच्या बाईला लग्नाच्या बायकोचा मान कधी मिळाला नाही. हे सगळे खरे आहे आणि जातपंचायत परत यावी, असे कोणी म्हणू नये; सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला वेगळा कायदा करावा लागला तो याच अनुभवामुळे. पण पंच जुलमी होते यावरून त्यांच्यासमोर झालेला काडीमोड झालाच नाही, असे ठरत नाही. न्यायालयांनी पंचांचा जुलूम आणि पंचांची साक्ष यांत फरक केला नाही, आणि त्याची किंमत बाईने तुरुंगात मोजली.

हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला आणि भुसावळ आणि अकोट एका नियमाखाली आले. एकपत्नीत्व पुरुषालाही लागू झाले, घटस्फोटाचे दार दोघांना उघडले. याच कायद्याच्या २९ व्या कलमाने रूढीने मिळणारा काडीमोड कायम ठेवला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मेळघाटच्या पायथ्याच्या कोरकूंना तर अनुसूचित जमात म्हणून हा कायदा लागूच नाही. त्यांचे लग्न आणि त्यांची फारकत अजून रूढीनेच होते. मग कायद्याने रूढी मानली असताना तक्रार कशाची, असे कोणी विचारील. तक्रार पुराव्याच्या ओझ्याची आहे. रूढी फार जुनी आहे, अखंड चालत आली आहे आणि आपल्याच समाजात आहे, हे ज्याला तिचा आधार घ्यायचा त्याने सिद्ध करायचे. वऱ्हाडात आजही स्टँपपेपरवर फारकत लिहून, चार माणसांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारून लोक मोकळे होतात. त्यांच्या लेखी लग्न संपलेले असते. कायद्याच्या लेखी तो कागद एका रूढीचा दावा सांगतो, आणि ती रूढी कोणत्याही न्यायालयाने तपासलेली नसते.

ओझ्याची दुसरी बाजू १९६५ च्या भाऊराव लोखंडे खटल्यात दिसली. पहिली पत्नी हयात असताना गांधर्व पद्धतीने केलेल्या लग्नाचा हा महाराष्ट्रातला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालय म्हणाले की होम आणि सप्तपदी, किंवा रूढीने त्यांची जागा घेतलेले विधी झाले, हे सिद्ध झाल्याखेरीज दुसरे लग्न कायद्याच्या अर्थाने लग्नच नव्हे. लग्न नाही म्हणून द्विभार्या नाही, म्हणून शिक्षा नाही. पहिल्या बायकोने नवऱ्याच्या घरात नांदणारी सवत दाखवून भागत नाही; त्यांच्या फेऱ्यांचा साक्षीदार तिने आणायचा. दुसरीचीही सुटका नाही. तिचे लग्न रद्दबातल असल्याने तिला पत्नी म्हणून पोटगी मागता येत नाही, असे यमुनाबाई आढाव प्रकरणात १९८८ मध्ये ठरले. पहिले लग्न लपवून फसवलेल्या बाईसाठी ही कडक भूमिका न्यायालयाने २०१३ मध्ये सौम्य केली, तोवर पंचवीस वर्षे गेली होती.

आता समुद्रापलीकडे पाहू. आपल्या लोकांचे लग्न परक्या देशाच्या दारात अडले, त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले आहे. केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी मार्च १९१३ मध्ये बाई मरियम नावाच्या स्त्रीला प्रवेश नाकारला. तिच्या नवऱ्याला दुसरी बायको होती असे नाही. ज्या धर्मात अनेक बायका करता येतात त्या धर्माने लागलेले आणि सरकारदरबारी न नोंदलेले लग्न तिथला कायदा मानत नाही, एवढेच कारण होते. एका निकालाने हजारो हिंदू-मुसलमान बायका रखेली ठरल्या. चिडून कस्तुरबा आणि इतर स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या. आदल्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले त्या देशाचा दौरा करून आले होते. भारतातून पैसा आणि दबाव उभा करण्याचे काम त्यांनी आजारपणातही चालू ठेवले. १९१४ च्या कायद्याने भारतीय लग्नांना मान्यता मिळाली, पण एका पुरुषाची एकच बायको, या अटीवर. परदेशाचे दार तेव्हापासून हेच विचारते आहे: एकच आहे ना, आणि तसा कागद कुठे आहे?

आजच्या नियमांचा गाभा तोच आहे. अमेरिकेत जोडीदाराच्या नात्यावर ग्रीनकार्ड मागताना आधीची सगळी लग्ने कशी संपली याचे कागद द्यावे लागतात. पहिले लग्न कायम असेल तर दुसरे रद्द, आणि त्याच्या आधारावर मिळालेला जोडीदाराचा व्हिसाही कोसळतो. माहिती लपवून नागरिकत्व मिळवले असेल तर बऱ्याच वर्षांनीही ते न्यायालयातून काढून घेता येते. कॅनडाच्या नियमांत लग्नाच्या दिवशी दोघांपैकी एकाचेही आधीचे लग्न शिल्लक असेल, तर त्या जोडीदाराला कुटुंब म्हणून बोलावता येत नाही. नंतर घाईने घटस्फोट घेतल्याने ते दुसरे लग्न मागच्या तारखेपासून शुद्ध होत नाही. नव्याने लग्न करावे लागते. अकोटात दुसरे लग्न सिद्ध होत नव्हते म्हणून नवरा सुटे. टोरांटोत पहिले मोडल्याचे सिद्ध होत नाही म्हणून अडकतो. दोन्हीकडे उणीव एकच आहे: लग्नाच्या सुरुवातीची आणि शेवटाची विश्वासार्ह नोंद.

काहीजण म्हणतील, पहिल्या बायकोला सासरी ठेवून परदेशात संसार थाटणाऱ्याची कीव कशाला करायची? त्याची कीव मी करत नाही. तो फसवतो, आणि व्हिसा नाकारला जाणे ही त्याला मिळणारी सर्वांत सौम्य शिक्षा आहे. पण त्याच रांगेत अशी बाईही उभी असते, जिची फारकत दहा वर्षांपूर्वी दोन्ही घरांच्या संमतीने झाली, जिच्या पहिल्या नवऱ्याचा संसार गावात उघडपणे चालू आहे आणि जिच्याजवळ फक्त तो शिक्क्याचा कागद आहे. अधिकाऱ्याला या दोघांत फरक करता यावा, हे न्यायाचे आहे. ते अशक्यही नाही. घानामधल्या एका रूढीच्या घटस्फोटाबद्दल अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळाने २००८ मध्ये मान्य केले की न्यायालयाचा आदेश नसला तरी पुरेशा तपशिलाची प्रतिज्ञापत्रे चालू शकतात. आपल्याकडे वैवाहिक दर्जा जाहीर करून मागण्याचा दावा कौटुंबिक न्यायालयात करता येतो. रूढी सिद्ध झाली तर फारकतीवर न्यायालयाची मोहोर उमटते. परस्पर संमतीचा घटस्फोट १९७६ पासून कायद्यात आहे. जायचे तर विमानात बसण्याआधी या वाटेने जावे. मात्र ज्या जाणत्या माणसांच्या हातून फारकत लिहिली जाते, त्यांनी पक्षकाराला हे सांगायचे टाळू नये. शिक्का मारून पैसे घेणे आणि पुढचा धोका न सांगणे हा मला मोठा अपराध वाटतो.

या सगळ्यात मागे राहिलेली असते ती पहिली बायको. नवरा कधी परदेशात एकतर्फी घटस्फोट मिळवतो. आपल्या विवाहकायद्यातल्या कारणांवर नसलेला आणि पत्नीने स्वेच्छेने न स्वीकारलेला असा हुकूम भारतात बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. म्हणजे तिथे तो मोकळा, इथे अजून तिचा नवरा. तिथले दुसरे लग्न तिथे कायदेशीर आणि इथे गुन्हा. त्या गुन्ह्याची फिर्याद पहिली पत्नी जिथे कायमची राहायला आली तिथे चालू शकते, म्हणजे तिला अकोटबाहेर जायची गरज नाही, पण लग्न परदेशात झाले असेल तर खटल्यासाठी केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. नवऱ्याचे परदेशातले लग्न तिथल्या नोंदवहीतून निघते. तिचे स्वतःचे लग्न मात्र गावच्या मांडवात झालेले असते. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा कायदा १९९८ चा आहे, तरी खेड्यात पासपोर्टची वेळ येईपर्यंत कोणी नोंद करत नाही; आणि पासपोर्ट बहुधा नवऱ्याचा निघतो. परदेशातल्या अधिकाऱ्याला पत्र लिहून मीच याची बायको, असे तिला सांगायचे असेल, तर त्यासोबत जोडायला तिच्याजवळ लग्नपत्रिका आणि फोटो असतात, आणि तिकडून उत्तर येते की नोंदणीचे प्रमाणपत्र पाठवा.