घोडी, मृतदेह आणि ननांचे मठ : बीजांडकोश जागवणाऱ्या औषधांचा इतिहास

१/ वंध्यत्वावरील उपचारांत बीजांडकोशाला चालना देणारी इंजेक्शने आज सर्वत्र मिळतात. परंतु हे संप्रेरक आणायचे कोठून, या प्रश्नाने वैद्यकाला अर्धे शतक झुंजवले.

२/ पहिले उत्तर होते घोडी. गाभण घोडीच्या रक्तात असे संप्रेरक असते, हे कोल आणि हार्ट यांनी १९३० मध्ये दाखवले. पण ते मानवी शरीराला परके. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करी आणि पुढील मात्रा निष्प्रभ ठरत.

३/ मग माणसाचेच संप्रेरक हवे! स्वीडनच्या कार्ल गेम्झेल यांनी मृतदेहांतील पीयूषिका ग्रंथींपासून ते मिळवले आणि १९५८ मध्ये त्याने स्त्रीबीज परिपक्व होते हे सिद्ध केले. या मार्गाची किंमत मात्र भयंकर निघाली. ऑस्ट्रेलियात असे उपचार घेतलेल्या काही स्त्रिया कालांतराने क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या असाध्य रोगाने दगावल्या. तेथे हा कार्यक्रम १९८५ मध्ये बंद झाला.

४/ तिसरा मार्ग इटलीतला. रजोनिवृत्तीनंतर हे संप्रेरक लघवीतून मोठ्या प्रमाणात बाहेर पडते. सेरोनो कंपनीचे पिएरो डोनिनी यांनी १९४९ मध्ये ते वेगळे केले. पण इतकी लघवी रोज कोण देणार? कंपनीच्या संचालक मंडळावरील जुलिओ पाचेल्ली हे पोप पायस बारावे यांचे पुतणे. त्यांच्या मध्यस्थीने मठांतील वृद्ध ननांची लघवी मिळू लागली. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या स्त्रियांमुळे इतरांचे पाळणे हलणार होते. ब्रूनो लुनेनफेल्ड यांच्या उपचारांतून १९६२ मध्ये इस्रायलमध्ये पहिले मूल जन्मले.

५/ याच सुमारास क्लोमिफीन ही गोळी आली (१९६१). ती संप्रेरक पुरवत नाही. शरीरात इस्ट्रोजेन कमी असल्याचा मेंदूचा समज ती करून देते, त्यामुळे पीयूषिका स्वतःच अधिक संप्रेरक सोडते. गोळी स्वस्त आणि सोपी. पण पीयूषिकाच निकामी असेल, तर तिचा उपयोग नाही. तेथे इंजेक्शनच हवे.

६/ २५ जुलै १९७८. इंग्लंडमध्ये जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तीही उत्तेजक औषधांविना, नैसर्गिक चक्रातील एकाच स्त्रीबीजापासून. अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुसरी जन्मली. त्यांनी लघवीपासून मिळवलेले संप्रेरक वापरून अनेक स्त्रीबीजे मिळवली आणि भ्रूण गोठवून पुढील चक्रात गर्भाशयात सोडला. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

७/ १९९५ पासून जनुकीय तंत्राने बनलेले संप्रेरक युरोपात मिळू लागले. ते चिनी हॅमस्टरच्या बीजांडकोशातील पेशींमध्ये तयार होते! मठांवरचे अवलंबित्व सरू लागले.

८/ मुंबईत १९८६ मध्ये जन्मलेल्या हर्षाच्या यशात डॉ. इंदिरा हिंदुजांसोबत डॉ. टी. सी. आनंद कुमार होते. मुखोपाध्याय यांची टिपणे वाचल्यावर त्यांनीच १९९७ मध्ये जाहीर केले, की भारतातील पहिल्या यशाचा मान आपला नव्हे, मुखोपाध्याय यांचा आहे. संप्रेरके देऊन स्त्रीबीजे वाढवणे आणि भ्रूण गोठवणे, या दोन्ही गोष्टी तोवर जगभर नित्याच्या झाल्या होत्या.