लोणच्यावरचा दगड

जर्मनीत कोबी, जपानमध्ये मुळा आणि कोरियात दोन्ही भाज्या मिठात आंबवून हिवाळ्यासाठी ठेवण्याची रीत फार जुनी आहे. या तिन्ही देशांतील जुन्या घरांत एक वस्तू सारखीच आढळते. ती म्हणजे भाजीवर ठेवलेला जड दगड. जपानी भाषेत त्याला 'त्सुकेमोनो-इशी', म्हणजे लोणच्याचा दगड, असे स्वतंत्र नावच आहे. हा दगड नेमके काय करतो, हे मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत कोणालाच सांगता आले नव्हते.

कारण ठाऊक नसले तरी उपयोग ठाऊक होता. १७६८ साली कॅप्टन जेम्स कुक 'एन्डेव्हर' जहाजातून सफरीवर निघाला, तेव्हा त्याने बरोबर काही हजार पौंड आंबवलेला कोबी घेतला होता. लांबच्या सफरीत ताजी भाजी मिळत नसे आणि स्कर्व्हीने खलाशी दगावत. खलाशी सुरुवातीस हा आंबट कोबी खाईनात. कुकने तो रोज अधिकाऱ्यांच्या पानात वाढायला लावला. मग खलाशांनाही तो हवासा झाला! आज आपल्याला माहीत आहे की, आम्ल आणि हवेचा अभाव यांमुळे कोबीतले क जीवनसत्त्व बऱ्याच अंशी टिकून राहते. पण हे जीवनसत्त्व ओळखले गेले ते १९३२ साली.

दगडाचे कोडे सुटू लागले ते १८५७ मध्ये. फ्रान्समधील लील येथे लुई पाश्चर यांनी दाखवून दिले की, लॅक्टिक आम्ल सजीव सूक्ष्मजीवांच्या कार्यामुळे तयार होते. पुढे १८६१ मध्ये त्यांना हवेतल्या ऑक्सिजनशिवाय जगणारे सूक्ष्मजीव आढळले. काही सूक्ष्मजीवांना हवा लागते, काहींना लागत नाही. या भेदातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

चिरलेल्या कोबीला त्याच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के मीठ चोळले, की तर्षणामुळे पेशींतले पाणी बाहेर येते. या खाऱ्या पाण्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू हवेविना वाढतात. आधी ल्युकोनोस्टॉक आणि नंतर आम्ल अधिक सोसणारे लॅक्टोबॅसिलस गटातले जीवाणू जोर धरतात. सामू ४ च्या खाली उतरला, की नासवणाऱ्या बहुतेक जीवाणूंचा निभाव लागत नाही. बुरशी व पृष्ठभागावर साय धरणारे किण्व मात्र आम्लाला दाद देत नाहीत. त्यांना हवी असते हवा. पाण्यावर तरंगणाऱ्या फोडींवर ती वाढतात आणि लॅक्टिक आम्लच खाऊन टाकतात. त्यामुळे सामू पुन्हा चढतो. तो ४.६ च्या वर राहिला, तर बॉट्युलिझमचे घातक विष तयार करणाऱ्या जीवाणूलाही वाढता येते. म्हणजे दगडाचे मुख्य काम भाजी दाबून पिळणे हे नसून ती पाण्याखाली ठेवणे हे आहे.

भाजी तरंगते का? तिच्या पोकळ्यांत हवा असते, शिवाय आंबताना कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे तिला वर लोटतात. येथे आर्किमिडीजचा विचार करावा लागतो. साधारण दगडाची घनता पाण्याच्या २.७ पट असते. म्हणून १ किलोचा दगड पूर्ण बुडाला, की त्याचा भार सुमारे ६३० ग्रॅम एवढाच उरतो. काचेचा सुमारे ६०० ग्रॅम उरतो. लाकडी फळी स्वतःच तरंगते, म्हणून तिच्यावर दगड ठेवावा लागतो. मिठाच्या पाण्याने भरलेली पिशवी बुडाली तर तिचा भार जवळजवळ शून्य होतो. पण ती वर पसरून हवा अडवते. तिच्यात साधे पाणी न भरता मिठाचे पाणी भरतात, ते ती फुटली तरी बरणीतले मीठ पातळ होऊ नये म्हणून.

वजन कशाचे आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. पाश्चर यांनी आपल्या प्रयोगात मुद्दाम खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घातली होती. तयार होणारे आम्ल तिने मारले जावे आणि क्रिया थांबू नये, हा हेतू. प्रयोगशाळेत जे सोयीचे, तेच बरणीत घातक! संगमरवर किंवा शहाबादी फरशीचा तुकडा वजन म्हणून ठेवला, तर तोही हळूहळू आम्ल मारतो. लोखंड गंजते, तांबे-पितळ आम्लात उतरते, आणि शिसेयुक्त झिलईच्या भांड्यातून शिसे अन्नात येऊ शकते. स्वच्छ घासून उकळलेली गारगोटी, पांढऱ्या चुनखडी गाठी नसलेला काळा पाषाण, ग्रॅनाइट किंवा जाड काच चांगली. जर्मनीत खास भाजलेल्या मातीची अर्धचंद्राकृती वजने मिळतात. काहीच नसेल, तर बरणीच्या तोंडातून आत जाईल अशी पाण्याने भरलेली लहान काचेची बाटलीही चालते.

हे वर्गात सहज दाखवता येईल. शहाबादी फरशी, संगमरवर, गारगोटी आणि काळा पाषाण यांच्या तुकड्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. पहिल्या दोहोंवर बुडबुडे दिसतील. फरशीवर ते मंद वाटले, तर तिची थोडी पूड करून पाहावी. मग तेच दगड ताणकाट्याला टांगून हवेत व पाण्यात तोलावेत.

आपल्याकडे कैरीच्या लोणच्यावर दगड नसतो. तेथे फोडी बुडतील इतके तेल घालतात. ते लोणचे कोबीप्रमाणे आंबवलेले नसते, त्यात मीठ आणि कैरीचे स्वतःचे आम्ल असते. पण तेलाचा वरचा थर हवा अडवण्याचे तेच काम करतो. फोडी उघड्या पडल्या तर बुरी येते, हे घराघरांत माहीत आहे. त्यामागचे कारण विद्यार्थ्यांना आधी स्वतःच शोधू द्यावे.