सांगोल्याचे अकरा कौल

आपल्या लोकशाहीचा इतिहास बहुधा मंत्रिमंडळांच्या अंगाने लिहिला जातो. मतदारसंघाच्या अंगाने तो क्वचितच पाहिला जातो. म्हणून आज सोलापूर जिल्ह्यातील सांगोला या एकाच तालुक्याकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे.

हा माणदेशी मुलूख; पाऊस बेभरवशाचा, दुष्काळ पाचवीला पुजलेला. येथून गणपतराव देशमुख १९६२ साली प्रथम विधानसभेत गेले. पुढे १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे एकंदर अकरा वेळा ते निवडून आले, आणि तेही दर खेपेस शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने! केशवराव जेधे व शंकरराव मोरे यांनी १९४७ साली हा पक्ष उभा केला; पण ते स्वतः पुढे काँग्रेसमध्ये परतले. गणपतराव मात्र जागचे हलले नाहीत. १९७८ आणि १९९९ च्या संयुक्त सरकारांतील मंत्रिपदे सोडली, तर त्यांचे आयुष्य विरोधी बाकांवरच गेले.

मग विरोधी बाकावरचा माणूस मतदाराला देणार काय? सत्ता हाती नसली, तरी एकच मागणी वर्षानुवर्षे न थकता मांडता येते. टेंभू व म्हैसाळ योजनांतून कृष्णेचे पाणी या तालुक्यास मिळावे, हा त्यांचा ध्यास होता. त्याच्या जोडीला सहकारी सूतगिरणी उभी राहिली.

तथापि हा कौल आंधळ्या भक्तीचा होता असे कोणी समजू नये. १९७२ साली सांगोल्याने त्यांना घरी बसविले. १९९५ साली दोनशेंच्याही आतल्या मतांनी पाडले. दोन्ही वेळा ते पुन्हा लोकांपुढे गेले आणि लोकांनी त्यांना परत बोलावले. त्यांच्या अकरा विजयांना मोल आले ते या दोन पराभवांमुळेच.

२०१९ साली वार्धक्यामुळे ते उभे राहिले नाहीत. त्या वेळी ही जागा पक्षाच्या हातून गेली. ३० जुलै २०२१ रोजी ते निवर्तले. २०२४ साली त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख येथून निवडून आले. तेव्हा सांगोल्याने विचार निवडला की घराणे, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर एका निवडणुकीत मिळत नाही. आजोबांनाही ते अकरा वेळा द्यावे लागले होते.