मोटार नको, मग ओढायचं कुणी?

शनिवारची सकाळ, दुसरा चहा आणि या आठवड्यात रिलीज नसल्यामुळे डोकं जरा ठिकाणावर. तेव्हा बरेच दिवस मनात असलेला विषय आज लिहून टाकतो. विषय ऐकायला अगदी रुक्ष आहे : जंगलातल्या रस्त्यांवर मोटारी चालवण्याचे नियम. पण थांबा, लगेच टॅब बंद करू नका.

खरं तर मी या विषयावर बोलणं हाच विनोद आहे. माझं गाव पेडगाव, जिल्हा परभणी. परभणीहून रेल्वेने मानवत रोडच्या दिशेने निघालात तर वाटेत लागतं. काळी जमीन, कापूस, बांधावर बाभळी. जंगल म्हणावं असं काही नाही. आमच्याकडे रस्त्याचं भांडण म्हणजे पांदीचं भांडण. कुणीतरी पांदण नांगरून आपल्या वावरात घेतो, मागच्याची बैलगाडी अडते आणि प्रकरण तहसीलमध्ये जातं. त्यासाठी १९०६ सालचा मामलेदार कोर्ट कायदा आजही कामाला येतो. तिथे सगळा झगडा गाडी जाऊ द्या म्हणून. गाडी जाऊच देऊ नका असा नियम असलेला रस्ता मी पहिल्यांदा पाहिला तो माथेरानला.

२०१९ची दिवाळी. आईला घेऊन गेलो होतो. नेरळहून टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाक्यावर उतरलो. तिथे तुमची गाडी कितीही महागाची असो, पार्क करायची आणि पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी जायचं, नाहीतर घोड्यावर. छोटी रेल्वे त्या वर्षीच्या पावसात रूळ वाहून गेल्यामुळे बंद होती. आईचे गुडघे दुखरे, घोड्यावर बसायला ती मेली तरी तयार नाही. राहिली हातरिक्षा. दोन चाकं, वर छत, पुढे ओढायला एक माणूस आणि चढावर मागून ढकलायला आणखी एक.

"बसा मावशी," पुढचा पोरगा म्हणाला.

आईने रिक्षेभोवती एक चक्कर मारली. मग मला हळूच विचारलं, "अन् बैल कुठंयत?"

बैल नाहीत म्हटल्यावर ती बसेचना. शेवटी बसली, कारण दुसरा उपाय नव्हता. पहिल्या चढाला पोराचा श्वास लागलेला ऐकून तिने गाडी थांबवायला लावली. उतरून थोडं चालली, परत बसली, परत उतरली. असं करत बाजारात पोचलो. पैसे पूर्ण दिले, वर चहा पाजला. दोन दिवस तिने सनसेट-बिनसेट काही धड पाहिला नाही.

परत आल्यावर मी ठरवलं, हा नियम आला कुठून ते बघू. सवय आहे हो. सिस्टीम विचित्र वागली की आधी जुना कोड उघडायचा.

तर इतिहास असा. माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान. डोंगराच्या आसपास ठाकर, धनगर, कातकरी आधीपासून होतेच, पण पुस्तकात 'शोध' लागतो तो १८५० सालच्या मे महिन्यात. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाहून वर चढला, हवा आवडली, घर बांधलं. मग गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनला ती जागा आवडली आणि मुंबईच्या साहेबलोकांची तिकडे रीघ लागली. तोवर खाली नेरळपर्यंत आगगाडी आलेली होती. नेरळहून वर मात्र तट्टू, नाहीतर पालखी. म्हणजे साहेब वर जाणार ते कुणाच्या तरी खांद्यावर. मोटारीचा शोधही लागला नव्हता तेव्हा, त्यामुळे बंदीचा प्रश्नच नव्हता. हे लक्षात ठेवा. माणसाने माणसाला वाहून नेण्याची इथली रीत मोटारबंदीपेक्षा जुनी आहे.

१९०७ मध्ये नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या उद्योगपतीचा पैसा, सोळा लाख रुपये, आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याची जिद्द. दोन फुटी रूळ, वीसेक किलोमीटरची वळणं आणि एकच बोगदा (त्याचं लाडकं नाव 'वन किस टनेल', कारण तो संपायला तेवढाच वेळ लागतो, असं म्हणतात!). आमच्या पेडगावची लाईनही साधारण त्याच काळातली, निजामाच्या राज्यातली. पण ती कापूस आणि धान्य न्यायला, ही हवा खायला. असो.

पुढे देशभर मोटारी आल्या. बाकीच्या थंड हवेच्या गावांचं काय झालं हे लोणावळ्याच्या शनिवार-रविवारच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कुणालाही विचारा. माथेरानमध्ये मात्र मोटार दस्तुरीच्या पुढे गेली नाही. मग ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली, म्हणजे १९८६च्या, माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा टापू इको-सेन्सिटिव्ह झोन म्हणून जाहीर केला. गावात वाहनांना मनाई, अपवाद रुग्णवाहिका आणि अग्निशमन यांच्यासारख्या तातडीच्या गरजांचा. फायरवॉल लिहिणाऱ्या मित्रांना ही भाषा लगेच कळेल. सगळं बंद, आणि उघडं काय ते नावानिशी लिहा.

असाच विचार जगात इतरत्रही झालेला आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात मॅकिनॅक नावाचं बेट आहे, तिथे १८९८ सालीच मोटारींवर बंदी आली. कारण काय, तर घोडे बुजतात! आजही तिथे घोडागाड्या आणि सायकली. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर रस्ता सोडून उधळणाऱ्या मोटारसायकली वगैरेंसाठी आदेश काढला : कुठे चालतील आणि कुठे नाही ते आधी ठरवा. आणि २००५ मध्ये त्यांच्या वनखात्याने नियम केला की प्रत्येक राष्ट्रीय वनाने नकाशा छापायचा. नकाशावर जी वाट मोटारीला खुली दाखवली असेल तीच खुली, बाकी बंद. त्याआधी बऱ्याच ठिकाणी उलटं होतं. पाटी नसेल तर घुसा. पाट्या लोक उपटून टाकत, म्हणून नकाशा. मला हे फार आवडलं. जमिनीची धूप, प्राण्यांना त्रास, आवाज, पायी फिरणाऱ्यांशी भांडणं, सगळ्याचा हिशेब ते नियम ठरवताना करायला लावतात.

आता आपल्याकडचा एक जुना कायदा बघा. भारतीय वन अधिनियम, १९२७, कलम २५. राखीव जंगलातली सार्वजनिक किंवा खाजगी वाट वनाधिकारी बंद करू शकतो, पण तिच्याऐवजी सोयीची पर्यायी वाट हवी. इंग्रजाच्या काळातला कायदा, आदिवासींना त्याने काय काय भोगायला लावलं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी एवढी अट त्यातही आहे. माथेरानची बंदी या कलमाखालची नाही, मान्य. पण प्रश्न तोच आहे. मोटारीची वाट बंद केली, तर पर्याय कुठला दिला?

पर्याय दिलाच नाही. तो आधीपासून उभा होता. हातात दांडा धरून.

मोटार वाहन कायद्यातली (१९८८) 'मोटार वाहना'ची व्याख्या वाचण्यासारखी आहे. यंत्राच्या जोरावर चालणारं, रस्त्यावर वापरायला योग्य असं वाहन, मग ती शक्ती बाहेरून येवो की आतून. रुळांवर चालणारी गाडी यातून वगळलेली. म्हणजे धूर सोडत जाणारं डिझेल इंजिन या व्याख्येत बसत नाही, कारण ते रुळावर आहे. आवाज न करणारी बॅटरीची रिक्षा बसते. आणि हातरिक्षा? तिला यंत्रच नाही. तिच्यात शक्ती कुठून येते हे लिहायची व्याख्येला गरज नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. बंदी चुकीची होती असं नाही. ती नसती तर आज शार्लट लेकच्या काठी पार्किंगवरून हाणामारी झाली असती, यात मला तिळमात्र शंका नाही. लाल मातीची वाट, गर्द सावली, पाखरांचा आवाज, हे सगळं त्या नियमामुळे टिकलं. पण नियम लिहिताना प्रदूषण मोजलं ते नळकांड्यातून निघणारं. पर्यटकांचं सामान, हॉटेलांचे सिलिंडर, किराणा, आजारी म्हातारी माणसं, हे सगळं वर जाणारच होतं. ते कुणाच्या अंगावर पडणार, हा कॉलम त्या तक्त्यात नव्हता. परवाना असलेल्या हातरिक्षा ९४. एका रिक्षेला दोन-तीन माणसं धरली तर हिशेब करा.

आणि हा कॉलम महाराष्ट्राला सुचत नाही असंही नाही. १९६९ साली याच राज्याने माथाडी कायदा केला. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या हमालासाठी बोर्ड, मजुरीची हमी, भविष्य निर्वाह निधी, देशात पहिल्यांदाच. परभणीच्या मोंढ्यात पोती उचलणारे आमच्या गावचे लोक मी लहानपणापासून बघतोय, पाठीचा कणा वाकलेले. माथाडीतला माथा आणि माथेरानातला माथा एकच. एका माथ्यासाठी कायदा झाला, दुसऱ्या माथ्यासाठीही झाला, पण ते एकमेकांना भेटले नाहीत.

भेटवायचा प्रयत्न केला तो रिक्षा ओढणाऱ्यांनीच. मोटारबंदी उठवा असं त्यांनी म्हटलं नाही. आम्हाला ई-रिक्षा चालवू द्या, एवढंच. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ई-रिक्षा धावू लागल्या, आणि रोज पायपीट करणाऱ्या शाळेच्या मुलांना पहिल्यांदा वाहन मिळालं. (बघा, मुलांचाही कॉलम नव्हता!) विरोधही झाला आणि तो सगळा खोटा नव्हता. चारशेच्या वर परवानाधारक घोडे आहेत, त्यांच्या मालकांचं पोट त्यावर. शिवाय चाकांसाठी रस्त्यावर पेव्हर ब्लॉक टाकले की पावसाचं पाणी मुरणार कुठे, आणि आज बॅटरी आली तर उद्या काय येईल, हे पर्यावरणवाल्यांचे प्रश्न. हे प्रश्न मला आजही बरोबर वाटतात. बंदीत एक भोक पाडलं की ते मोठं होतं, हा आमच्या धंद्यातलाही अनुभव आहे. 'फक्त या क्लायंटसाठी' म्हणून उघडलेला पोर्ट कधी बंद झालेला पाहिलाय?

२०२४च्या जानेवारीत कोर्टाने स्पष्ट केलं की ई-रिक्षा द्यायच्या त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच, त्यांचा रोजगार जातो म्हणून. पहिल्या टप्प्यात २० ई-रिक्षा. मग त्या खऱ्या ओढणाऱ्यांना मिळाल्या की दुसऱ्याच कुणाला, यावरून तक्रारी, आणि त्याही कोर्टात. आपला देश, दुसरं काय.

६ ऑगस्ट २०२५ रोजी निकाल आला. सरन्यायाधीश भूषण गवई (ते आपल्या अमरावतीचे) यांच्या पीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सांगितलं. माणसाने माणसाला ओढणं हे माणुसकीला धरून नाही, हे त्यामागचं कारण. गुजरातेत केवडियाला जशी योजना आहे तशी इथे आणा, सरकारने ई-रिक्षा विकत घेऊन ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. पेव्हर ब्लॉक दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत चालतील, आतल्या पायवाटांवर नाही. मोटारबंदी कायम. निकालात पंजाबच्या रिक्षावाल्यांच्या जुन्या खटल्याचा दाखला आहे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात सायकलरिक्षा चालवणाऱ्यांनाच कर्जातून रिक्षेचे मालक व्हायची वाट काढून दिली होती. त्यालाही ४५ वर्षं झाली.

आतल्या वाटा मातीच्याच ठेवायच्या ही ओळ वाचून मला बरं वाटलं. चाकाला एकच रस्ता, बाकी पायाला. अमेरिकेच्या त्या नकाशासारखंच झालं की हे.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी आईला फोन केला. तिला सहा वर्षांपूर्वीचा तो पोरगा नीट आठवत होता. त्याच्या पायात निळ्या पट्ट्याची स्लिपर होती, हेसुद्धा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गाड्या वीस म्हणतोस. वढणारे किती होते?"

मी आकडा सांगितला.

"मग त्याचा नंबर लागला का?"