काल्पनिक दप्तर (पुस्तककला)

काल्पनिक दप्तर : कधीही नसलेल्या व्यक्तीची, संस्थेची किंवा घटनेची कागदपत्रे कलावंताने स्वतः घडवून ती क्रमांक, शिक्के व सूचीसह वहीत, पुस्तकात किंवा पेटीत मांडण्याचा पुस्तककलेतील एक प्रकार. यात गोष्ट सलग सांगितलेली नसते. पत्रे, पावत्या, छायाचित्रे व टाचणे चाळून वाचक ती आपली आपण जुळवतो. बनावट सनदेशी याचे नाते जवळचे दिसते. पण सनद बनावट ठरली की निकामी होते, काल्पनिक दप्तराला मात्र खरा वाचक ते काल्पनिक आहे हे कळल्यावरच मिळतो.

या प्रकारातील सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे लेबनॉनमध्ये जन्मलेले व न्यूयॉर्कला स्थायिक झालेले कलावंत वालिद राद (जन्म १९६७) यांचे ‘ॲटलस ग्रुप’. लेबनॉनमधील यादवी युद्धांचा इतिहास गोळा करणारी संस्था असे तिचे रूप. प्रत्यक्षात संस्था म्हणजे एकटे राद. हे काम १९८९ ते २००४ असे चालल्याचे ते सांगतात. संस्थेच्या स्थापनेचे वर्ष त्यांनी वेगवेगळ्या व्याख्यानांत वेगवेगळे सांगितले आणि ती काल्पनिक असल्याचेही श्रोत्यांना उघडपणे सांगितले.

दप्तराच्या केंद्रस्थानी डॉ. फदल फाखुरी हे कल्पित इतिहासकार आहेत. मृत्यूनंतर त्यांच्या २२६ वह्या संस्थेकडे आल्या, अशी कथा. त्यांतील ७२ व्या वहीत लेबनॉनचे इतिहासकार दर रविवारी घोड्यांच्या शर्यतीला जमतात, पण पैज घोड्यावर लावत नाहीत. विजयी घोडा अंतिम रेषा ओलांडण्याच्या किती आधी किंवा नंतर वृत्तपत्राचा छायाचित्रकार कळ दाबील, यावर त्यांची पैज असते. वहीच्या प्रत्येक पानावर वृत्तपत्रातले कात्रण डकवलेले, बाजूला शर्यतीचे अंतर, वेळ, पैज लावणाऱ्यांची आद्याक्षरे आणि जिंकलेल्या इतिहासकाराच्या स्वभावाचे दोन ओळींत वर्णन. घोडा बरोबर रेषेवर असलेले चित्र एकही नाही. इतिहासाला घटनेचा नेमका क्षण पकडता येत नाही, हे सांगायला एखाद्याने प्रबंध लिहिला असता. राद यांनी ते हिशेबाच्या वहीत बसवले, आणि म्हणून ते लक्षात राहते. ३८ व्या वहीत १४५ मोटारगाड्यांची कापलेली चित्रे आहेत; प्रत्येक गाडी १९७५ ते १९९१ या काळात बॉम्ब म्हणून वापरलेल्या एकेका गाडीच्या बनावटीची व रंगाची. इथे संस्था खोटी, स्फोट मात्र खरे.

अमेरिकेत झोई लेनर्ड यांनी ‘फे रिचर्ड्स फोटो अर्काइव्ह’ (१९९३–९६) घडवले. शेरिल डन्ये यांच्या ‘द वॉटरमेलन वूमन’ (१९९६) या चित्रपटासाठी केलेल्या या संग्रहात विसाव्या शतकातील एका कल्पित कृष्णवर्णीय समलिंगी अभिनेत्रीचे आयुष्य ८२ छायाचित्रांत आणि टंकलिखित पानांच्या एका वहीत येते. अशा स्त्रियांच्या खऱ्या नोंदी कोणी जपल्याच नव्हत्या, म्हणून त्या घडवाव्या लागल्या. भारतात पुष्पमाला एन. व क्लेअर आर्नी यांच्या ‘नेटिव्ह वूमेन ऑफ साउथ इंडिया’ (२०००–०४) या छायाचित्रमालेने वसाहतकालीन मानववंशीय छायाचित्रांची अशीच नक्कल करून त्यांच्यावर नजर उलटवली.

घडण : नवशिक्यांचा सगळा भर कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा करण्यावर असतो. खरे तर ते सर्वांत कमी महत्त्वाचे काम. दप्तराला दप्तरपण येते ते कारकुनी शिस्तीने : दाखल क्रमांक, आवक-जावक नोंद, हाताळणाऱ्या दोन-तीन माणसांची वेगवेगळी अक्षरे, आणि मधले काही क्रमांक गहाळ. दोन कागदांत एखाद्या तारखेवरून मतभेदही हवा. सगळे कागद एकमेकांशी जुळले तर ते एकाच हातचे आहेत हे लगेच उघड होते.

काळाचे भान त्याहून महत्त्वाचे. भारतीय कागदांपुरते सांगायचे तर १९५७ पूर्वीच्या पावतीत आणे-पै हवेत, नवे पैसे नकोत. १९६५ च्या लिफाफ्यावर पिनकोड असला तर तो तिथेच फसला, कारण पिनकोड १९७२ साली आला. बॉलपेन बाजारात येऊ लागले ते १९४५ च्या सुमारास. १९३० च्या पत्राला टाक व शाईच हवी.

बांधणी आशयाप्रमाणे ठरते. एकाच व्यक्तीची रोजनिशी असेल तर घडी घातलेले ताव दाभणाने टोचून, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवावेत आणि पुठ्ठा खळीने चिकटवावा. पाने सुटी ठेवायची असतील तर पेटी बरी. दयानिता सिंग यांच्या ‘म्यूझियम भवन’ (२०१७) मधील एका पेटीतली नऊ घडीची पुस्तके उलगडून मांडता येतात. त्यातील छायाचित्रे काल्पनिक नाहीत, पण रचना अभ्यासण्यासारखी आहे. मराठी कारागिराला याहून जवळचा नमुना पुण्याच्या पेशवे दप्तरात मिळतो : तिथले कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत बांधून ठेवलेले आहेत. काल्पनिक दप्तरासाठी हा आकार फारसा कुणी वापरलेला दिसत नाही, याचे आश्चर्य वाटते.

वाद : फसवणुकीचा आक्षेप या प्रकारावर नेहमी येतो. कातालान छायाचित्रकार जोआन फोंतकुबेर्ता यांनी १९९७ साली ‘स्पुतनिक’ या प्रदर्शनात इव्हान इस्तोच्निकोव्ह हा अंतराळवीर उभा केला. १९६८ च्या सोयुझ २ यानातून तो नाहीसा झाला आणि सोव्हिएत सत्तेने त्याला इतिहासातून पुसले, अशी ती कथा. यान खरे होते, पण त्यात माणूस नव्हता. अंतराळवीराचा चेहरा खुद्द फोंतकुबेर्ता यांचाच. तरीही २००६ मध्ये एका स्पॅनिश दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ही हकीकत खरी म्हणून सांगितली. दप्तर त्याच्या कर्त्यापासून आणि प्रदर्शनाच्या दालनापासून सुटले की असे होणारच. म्हणून घडवणाऱ्याने शेवटच्या पानाच्या मागे आपले नाव, वर्ष आणि ‘काल्पनिक’ हा शब्द न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावा.