रात्रीची लाईट, उसातला बिबट्या आणि मनावरचा ताण : जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांबद्दल तज्ज्ञांचा अभ्यास काय सांगतो?

कामाच्या ठिकाणचा ताण म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते हिंजवडीतलं ऑफिस, टार्गेट आणि रात्री अकराला आलेला बॉसचा मेसेज. पण त्याच पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत, रात्री अकराला माणसं कामावर निघतात तेव्हा त्यांच्या एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी असते. लाईट आलेली असते, दारं धरायची असतात, आणि ज्या उसाला पाणी द्यायचंय त्याच उसात बिबट्या असू शकतो.

या भीतीची बातमी होते ती कुणाचा तरी जीव गेल्यावरच. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत भागात, तीन आठवड्यांत तिघांचा बळी गेला. संतापलेल्या लोकांनी वन विभागाची गाडी पेटवली, मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्याच दिवसांत गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतात काम करणाऱ्या लोकांचे व्हिडीओ व्हायरल झाले. खाली हसण्याच्या इमोजींचा पाऊस होता. रोज कामाला जाताना गळ्याला खिळे बांधणाऱ्या माणसाला रात्री झोप कशी लागत असेल, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

बिबट्या इथे आला कसा?

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वन विभाग होतो. कुकडी प्रकल्पातल्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांमुळे इथे पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला. बिबट्याला उसात बारा महिने लपायला जागा मिळते, शेजारच्या वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं मिळतात. माद्या उसातच पिल्लांना जन्म देतात. म्हणजे इथला बिबट्या जंगलातून वाट चुकून आलेला पाहुणा नाही, शेतकऱ्याच्या कामाचं ठिकाण हेच त्याचं घर आहे.

तज्ज्ञांच्या भाषेत हा कोणता ताण?

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. नैराश्य आणि चिंतेच्या आजारांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, हा त्या वेळचा गाजलेला आकडा. पण त्याहून कामाची आहे ती धोक्यांची यादी : अवेळी काम, असुरक्षित जागा, कामावर स्वतःचा ताबा नसणं, एकटेपणा, तुटपुंजं आणि बेभरवशाचं उत्पन्न. ही यादी ऑफिसं डोळ्यांसमोर ठेवून वाचली जाते. ओतूर, आळे किंवा घोडेगावच्या शेतात उभं राहून वाचली तर एकही मुद्दा सुटत नाही.

यातला ‘ताबा नसणं’ हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये एक मांडणी केली, ती आजही वापरली जाते. काम अवघड आहे म्हणून माणूस खचत नाही. काम अवघड आहे आणि ते कधी, कसं करायचं हे आपल्या हातात नाही, तेव्हा तो खचतो. शेतीपंपाची लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की पीक जाळायचं की जीव धोक्यात घालायचा, एवढाच पर्याय उरतो. शेतकरी कागदोपत्री स्वतःच स्वतःचा मालक असतो, पण त्याच्या कामाची वेळ फीडर ठरवतो.

ऊसतोड मजुरांचं आणखी कठीण. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या येतात, उसाच्या फडाजवळ कोप्या घालतात. पहाटे अंधारात आई-बाप तोडीला जातात, लेकरं कोपीत झोपलेली असतात. कोपीला दार नसतं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे “या फडात बिबट्या आहे, मी जात नाही” असं म्हणायची सोय नाही.

आणि वनरक्षक? त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही. रात्री-अपरात्री कॉल, समोर चिडलेला जमाव, मागे वरिष्ठांचा फोन, आणि ज्या घरात मृत्यू झालाय तिथेच पंचनामा करायचा. हेही त्यांचं रोजचं कामाचं ठिकाणच.

नुकसानभरपाईत न बसणारं नुकसान

मान बरुआ, शोनिल भागवत आणि मनोविकारतज्ज्ञ सुश्रुत जाधव यांनी २०१३ मध्ये एका शोधनिबंधात मानव-वन्यजीव संघर्षाच्या ‘छुप्या’ किमतींवर बोट ठेवलं. मेलेली शेळी मोजता येते, पण जागून काढलेल्या रात्री, बुडालेली मजुरी, मदतीसाठी मारलेले हेलपाटे, मनात बसलेली धास्ती कुठल्याच फॉर्ममध्ये भरता येत नाही. महाराष्ट्रात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये मिळतात. जो वाचला, पण आता संध्याकाळनंतर घराबाहेर पडू शकत नाही, त्याच्या भीतीसाठी रकाना नाही.

पिंजऱ्याचंही एक मानसशास्त्र आहे. पिंजरा लागला की गावाला धीर येतो, निदान कुणीतरी आपलं ऐकलं असं वाटतं. पण संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी जुन्नरच्याच नोंदी तपासल्या तेव्हा वेगळं चित्र दिसलं. बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले होते. २००१ ते २००३ चा तो काळ. पकडलेल्या अनेक बिबट्यांना आता जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रात ठेवलं जातं.

हल्ल्यानंतर काय करावं, काय टाळावं?

हल्ला पाहिलेल्या माणसाला झोप न लागणं, दचकणं, तेच दृश्य पुन्हा दिसणं हे सुरुवातीला स्वाभाविक असतं. बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही त्रास तसाच राहिला, माणूस शेताकडे फिरकेनासा झाला, दारू वाढली, तर डॉक्टरांची गरज आहे असं समजावं. पहिल्या दिवसांत जवळ बसा, ऐका, जेवण-पाणी आणि सरकारी कागदपत्रांचं बघा, एवढंच तज्ज्ञ सांगतात. “नेमकं काय झालं ते सगळं सांग” असा आग्रह धरू नये, त्याने फायदा होत नाही. माईक घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या आमच्या व्यवसायाने हे विशेष लक्षात ठेवायला हवं.

समुपदेशन मात्र मूळ कारण हटवत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत माणसाला ‘खंबीर’ करण्याआधी कामाची परिस्थिती बदलण्यावर भर आहे. इथे ती गोष्ट म्हणजे दिवसा वीज. त्यासाठी राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. आपलं फीडर त्यात आलंय का, हे महावितरणच्या कार्यालयात विचारता येतं. मनोरुग्ण ठरण्याच्या भीतीने लोक डॉक्टरकडे जात नाहीत, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी दवाखान्यात हे उपचार मिळणं हा हक्क ठरवला आहे.

नुसतं बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे : १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. रात्री दारं धरून परत आल्यावरही.