मुदत नसलेला दिवस : छावणीचा दिनक्रम आणि मराठी वाचक

मराठीत ‘छावणी’ हा शब्द लष्कराच्या तळाला लागतो आणि दुष्काळातील गुरांच्या आश्रयस्थानालाही. नाझी बंदिवासासाठीही आपण तोच योजतो, आणि त्या बंदिवासाची कथने वाचताना नकळत आपल्या तुरुंगसाहित्याचे निकष लावतो. या निकषांची मर्यादा तपासणे हा येथे हेतू आहे.

‘माझी जन्मठेप’ (१९२७) हे आपल्याकडील या प्रकाराचे ठळक उदाहरण. अंदमानात सावरकरांना मिळालेल्या बिल्ल्यावर सुटकेचे वर्ष होते : १९६०. पन्नास वर्षांची ही शिक्षा क्रूर होती. तरीही ती शिक्षा होती. तिच्यामागे खटला होता, कलम होते, मुदत होती. कोलू ओढून रोज तीस पौंड तेल काढणाऱ्या बंद्याला आपण कशासाठी सोसतो हे ठाऊक होते. त्यामुळे निवेदनाला ध्येयाचा कणा लाभतो आणि समीक्षकाला ‘धीरोदात्त’ हे विशेषण सहज सुचते.

प्रीमो लेवी या इटालियन ज्यू रसायनशास्त्रज्ञाला फेब्रुवारी १९४४ मध्ये आउश्विट्झला नेण्यात आले. त्याच्या हातावर १७४५१७ हा क्रमांक गोंदला गेला. त्या क्रमांकासोबत सुटकेचे वर्ष नव्हते, कारण गुन्हाच नव्हता. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात विचारसरणीपेक्षा पाव, चमचा आणि बूट यांना अधिक जागा आहे. पाव हेच तेथील चलन. चमचासुद्धा पावाच्या मोबदल्यात मिळवावा लागे. न बसणाऱ्या बुटाने झालेली जखम चिघळली की माणूस कामातून बाद होई, आणि कामातून बाद होणे म्हणजे बहुधा मृत्यूच. साबण नसताना, घाण पाण्याने का होईना, रोज अंग धुण्याचा आग्रह धरणारा एक सहबंदी तेथे भेटतो. स्वच्छता त्यातून साधत नाही. आपण अजून माणूस आहोत, एवढेच तो स्वतःला बजावतो. आपण वाचलो याचे श्रेय मात्र लेवी धैर्याला देत नाही; तो योगायोगाला देतो. येथे ‘धीरोदात्त’ हा निकष निरुपयोगी ठरतो.

हा विषय कोडोलीच्या वाचकाला दूरचा वाटेल. परंतु याच कोल्हापूर जिल्ह्यात, वळिवडे येथे, १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. ते नाझी छावण्यांतून आलेले नव्हते. हिटलर व स्टालिन यांनी १९३९ मध्ये पोलंड वाटून घेतल्यावर सोव्हिएत सत्तेने ज्यांना सायबेरियात व मध्य आशियात हद्दपार केले, त्यांपैकी ही कुटुंबे. स्त्रिया आणि मुले बहुसंख्य. इराणमार्गे ती येथे पोहोचली. वळिवड्यात त्यांना स्वतंत्र खोल्या, स्वतःची चूल, शाळा, चर्च आणि इस्पितळ मिळाले. हद्दपारीने जे हिरावले होते, त्याचीच ही यादी म्हणता येईल. तिचे मोल कळायला लेवीचा चमचा उपयोगी पडतो. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित वसले आणि गांधीनगर उभे राहिले. पोलिश रहिवाशांच्या आठवणींचा मोठा संग्रह २००० मध्ये लंडनहून, त्यांच्याच भाषेत निघाला.

छावणीच्या इतिहासाचा आशय असा क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंत असतो. बंद्याने कोणता आदर्श जपला, हा प्रश्न तुरुंगसाहित्याला साजेसा आहे. छावणीच्या साक्षीला मात्र आधी विचारले पाहिजे : त्याने त्या दिवशी काय खाल्ले, पायात काय घातले, आणि त्याला नावाने हाक कोणी मारली? या प्रश्नांना गौण मानणारी समीक्षा त्या साक्षीतून केवळ आपल्याच वीरगाथेचा प्रतिध्वनी ऐकत राहील.